आईच्या मरणाचं पहिलं पत्र

आमचं घर लकडगंजच्या मागच्या गल्लीत होतं. घर म्हणजे घरमालकाच्या मागच्या दोन खोल्या आणि एक मोरी. वरची गच्ची मालकाची, पण आईला ती वापरायची मोकळीक होती, कारण मालकीणबाईंच्या वर्षभराच्या मुंगवड्या आणि शेवया आईच करून द्यायची. सकाळी आरामशीन सुरू झाल्या की लाकूड चिरल्याचा आवाज दिवसभर भिंतींतून येत राहायचा. पाहुणे डोकं धरून बसायचे. आम्ही मात्र मशीन बंद पडली तरच माना वर करायचो. बाबा त्यातल्याच एका आरामशीनवर कामाला होते. संध्याकाळी आवाज थांबला की आई कणीक भिजवायला घ्यायची, म्हणजे ते हातपाय धुऊन बसेपर्यंत तवा तापायचा. ते तुरुंगात गेल्यावरही तिचे हात त्याच वेळी कणकेकडे जायचे. स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर. शेगडीत मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा आणि मग बाटली हळूच उपसायची, की आत जाळाला वाट राहते. ही बाटली उपसणं म्हणजे बाबांचं काम होतं. आई उपसायची तेव्हा भुसा ढासळायचा आणि वरणाला धुराचा वास लागायचा. त्या वर्षभर आम्ही धुराचंच वरण खाल्लं.

बाबा निर्दोष होते असं मी लिहिणार नाही. लोक आपल्या बापाबद्दल लिहायला बसले की हमखास तसं लिहितात, आणि मला त्याचा राग येतो. आरामशीनवर एका हमालाशी त्यांचं वाजलं, हातात लोखंडी सळई होती, एक घाव डोक्यात बसला आणि तो माणूस तिसऱ्या दिवशी गेला. त्यालाही बायको होती. न्यायाधीशांनी सात वर्षं दिली, ती काही जास्त नव्हती. मी तेव्हा नववीत होते. घरात बाप्यामाणूस नाही म्हणून कळमेश्वरहून आत्या आमच्याकडे राहायला आली. ही बाबांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली, आवाजाने खणखणीत. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर एक उपाय असायचा. उचकीवर, मुलीच्या लग्नावर, मालकीणबाईंच्या रागावर. बाबांच्या शिक्षेवर तेवढा तिला सापडला नव्हता.

महिन्यातून एक भेट आणि एक पत्र, असा आमच्या वेळचा नियम होता. त्या भेटीला सगळे मुलाकातच म्हणायचे. आता आतून फोन करता येतो, चेहरासुद्धा दिसतो म्हणतात. आमच्या वेळी एक जाळी आमच्या बाजूला, एक त्यांच्या बाजूला, आणि मधल्या पट्टीत शिपाई फेऱ्या मारायचा. एका वेळी दहा-बारा घरची माणसं जाळीला चिकटून ओरडायची, त्यामुळे जे बोलायचं ते ओरडूनच बोलावं लागे. बाबांना ओरडणं जमत नसे. आई विचारायची, "जेवता नं बरोबर?" ते मान हलवायचे. मग तेच विचारायचे, "भुसा कुठून आणता आता?" आई सांगायची. पुन्हा गप्प. शेजारच्या बायका जाळीवर कपाळ आपटून रडत असायच्या, त्यांचे नवरे पलीकडून रडत असायचे, आणि आमचे बाबा शेगडीची चौकशी करायचे. परत येताना आई बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहायची. एकदा तिने आत्याला विचारलं, "बाई, त्यायचं मन उडालं का हो आपल्यावरून?" आत्या म्हणाली, "वसंता पहिलेपासूनच घुम्या आहे." पण आईचं त्याने समाधान झालं नाही. मला आज वाटतं, बाबांना लाज वाटत होती, आणि लाजलेल्या माणसाला भुशाबद्दल बोलणंच सोपं जातं. तेव्हा मला तेवढी अक्कल नव्हती, आणि आईला ज्या गोष्टीची भूक होती ती भुशाने भागणारी नव्हती.

मग ते कावळ्याचं झालं. आई गच्चीवर खाटेवर मुंगवड्या घालत होती. आत्या बाजूला हातात काठी घेऊन पाखरं हाकलत बसलेली. मी जिन्यात अभ्यासाला. एक कावळा आला, खाटेवर न बसता सरळ आईच्या डोक्यावर बसला, आणि उडून गेला. आईने पदर झटकला आणि पुढची वडी घातली. पण आत्या पांढरीफटक पडली. तिने तिथेच काठी टाकली, आईला हाताला धरून खाली आणलं, डोक्यावरून पाणी घालायला लावलं. आमच्याकडे समजूत अशी, की कावळा डोक्यावर बसला तर त्या माणसाचं मरण जवळ आलं. त्यावर उपायही ठरलेला. त्या माणसाच्या मरणाची खोटी खबर एखाद्या जवळच्या नातेवाइकाला कळवायची. तो रडला की मरण खोट्यावरच फिटतं आणि खरं टळतं. मग पाठोपाठ कळवायचं की सगळं ठीक आहे, कावळ्यापायी केलं. कळवणाऱ्यावर कोणी रागावत नाही, उलट माणूस जिवंत आहे म्हणून पेढे वाटतात. माझी सून हे ऐकून हसते. तिच्या माहेरीसुद्धा एका मावशीची अशी खबर आली होती, हे ती विसरते.

प्रश्न होता, खबर पाठवायची कोणाला. आईचे आईवडील गेलेले. एक भाऊ होता, रामटेकला, पण शेतीच्या वाटणीवरून त्याचं आणि आईचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. "त्याच्या डोळ्यातून टिपूस निघणार नाही," आत्या म्हणाली. "जो मनापासून रडन, त्यालेच धाडा लागते. नाही तं काय फायदा?" आणि मग म्हणाली, "वसंतालेच धाडू."

मला वाटलं, आई नाही म्हणेल. आईचा कावळ्यावर वगैरे फारसा विश्वास नव्हता. ती आत्याच्या उपायांना मान द्यायची ती भांडण नको म्हणून. पण ती ओल्या केसांनी शेगडीजवळ बसली आणि म्हणाली, "रडतील का ते?"

"काहून नाही रडणार? बायको होय तू त्याची."

"तसं नाही, बाई. मले पाहाच आहे एकदा," आई म्हणाली.

एवढंच ती बोलली, आणि त्या एका वाक्यात सगळं ठरलं. आत्याला मरण टाळायचं होतं. आईला फक्त कळायला हवं होतं, जाळीपलीकडचा तो मुका माणूस आपल्यासाठी रडतो की नाही.

पत्र लिहिलं मी. घरात अक्षर माझं चांगलं, आणि निबंधात शाळेत पहिली यायचे याचा मला ताठा होता. आत्याने सांगितलं की मरणाच्या पत्रावर 'श्री' घालायचा नसतो. मी घातला नाही. खरं तेच सांगते, मला ते पत्र लिहिताना मजा आली. 'ईश्वरी इच्छेपुढे कोणाचा इलाज चालत नाही' असं एक वाक्य मी आठवून आठवून घातलं आणि दोनदा वाचून बघितलं. आई समोर बसून वाटाणे सोलत स्वतःच्या मरणाची खबर ऐकत होती. मध्येच म्हणाली, "कायनं गेली ते लिही वं, नाही तं त्यायले घोर लागन." मी तापाने गेली असं लिहिलं. "लई हाल झाले असं नको लिहू." मी 'शांतपणे गेली' असं लिहिलं. त्यावर तिने मान डोलावली, आणि वाटाण्यातली अळी काढून बाजूला टाकली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी ते पत्र पेटीत टाकलं.

पत्र टाकल्यावर चार दिवसांनी आत्या म्हणाली, आता रडला असेल, दुसरं लिही. मी वही उघडली आणि मला नियम आठवला. महिन्याचं एक पत्र. ते आम्ही पाठवून बसलो होतो. दुसरं गेलं तरी महिना उलटेपर्यंत त्यांच्या हाती पडणार नव्हतं, आणि मुलाकातीलाही तीन आठवडे होते. तुरुंगाच्या त्या नियमाचा कागद मीच घरात वाचून दाखवला होता. आत्याला आणि आईला वाचता येत नव्हतं. विसरले ती मी. आत्या म्हणाली, फाटकावर जाऊन सांगून येऊ. आईने कपाळाला हात लावला. "फाटकावर जाऊन काय सांगू, बाई? मी मेली नाही म्हणून?" आम्ही तिघी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. आई म्हणाली, राहू द्या, मुलाकातीला मीच समोर जाऊन उभी राहीन. तिने हिरवं लुगडं धुऊन, घडी करून उशीखाली ठेवलं. ती त्या दिवसांत मला जरा तरतरीत वाटली. दिवसातून एकदा तरी विचारायची, "शालू, तुले काय वाटते, रडले असतील?"

मुलाकातीच्या आठवडाभर आधी एक हवालदार आमच्या दारात आला. हातात कागद होता. आईने दार उघडलं. "वसंताच्या घरचं कोण?" "मी त्यायची बायको," आई म्हणाली. हवालदाराने कागदाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. बाबांनी पत्र मिळालं त्याच दिवशी बायकोच्या क्रियाकर्मासाठी पॅरोलचा अर्ज केला होता आणि तो चौकशीसाठी ठाण्यात आला होता. आत्याने पुढे होऊन त्याला कावळ्याची सगळी हकीकत सांगितली. तो भला माणूस होता, वयस्क. म्हणाला, "माय, माह्या घरीही हे करतात. पण सरकारी कागदावर मी कावळा कसा लिहू?" आईने त्याच्यासाठी चहा टाकला. त्याने तो घेतला आणि कागदावर लिहिलं, अर्जदाराची पत्नी हयात आढळली.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. खोटं कारण देऊन रजा मागितली म्हणून बाबांची मुलाकात आणि पत्र तीन महिने बंद झाली, आणि चांगल्या वागणुकीने शिक्षेत मिळवलेली सूट गेली. यात कोणाची चूक नव्हती, आमच्याशिवाय. ते कळलं त्या संध्याकाळी मशीन थांबल्या तेव्हा आईने कणीक भिजवायला घेतली आणि मध्येच हात थांबवून म्हणाली, "पण अर्ज केला नं त्यायनं. त्याच दिवशी केला म्हणे." आत्या म्हणाली, "केला तं." आई म्हणाली, "अर्ज तं कोणीही करन, बाई. जेलाबाहेर याले मिळते." आणि पुन्हा कणकेला लागली. असा तिचा जीव त्या एका गोष्टीत अडकून बसला होता. मी तिला तेव्हा म्हणू शकले असते की रडलेच असतील, नक्की. म्हटलंही एक-दोनदा. पण ज्या मुलीने खोटं पत्र लिहिलं तिच्या शब्दाला किती वजन असणार?

दोन महिने गेले आणि आईला कावीळ झाली. आधी नुसतं अन्न नको म्हणायची. मग डोळे पिवळे झाले. आत्याने उताऱ्याची माळ आणून डोक्यात घातली. ती माळ वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरली असं समजायचं. माळ उतरली, कावीळ उतरली नाही. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला उशीर केल्याबद्दल झापलं, आणि ते बरोबरच होतं. नऊ दिवस ती तिथे होती. आत्या तिच्याशी भांडल्यासारखी बोलायची, "असं काहून करून राहिली वं, ऊठ, तो आला तं मले काय म्हणन?" पोटात पाणी झालं होतं. हात एवढे सुजले की बांगड्या रुतायला लागल्या; मी साबण लावून काढायला गेले तर ती लहान पोरासारखी ओरडली. शेवटचे दोन दिवस ती कधी भानावर असायची, कधी नसायची. भानावर आली की माझ्याकडे बघून विचारायची, "काही कळलं का गं? रडले का ते?" शेवटच्या दिवशी दुपारीही तिने हेच विचारलं. मी म्हटलं, हो आई, रडले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. त्यानंतर रक्ताची उलटी झाली आणि तासाभरात ती गेली.

मामाला रामटेकला निरोप गेला. तो आला तो दारातूनच ढसाढसा रडत आला. आईच्या पायांवर डोकं ठेवून त्याने जे रडून घेतलं ते पाहून गल्लीतली माणसंही डोळे पुसायला लागली. आत्या भिंतीला टेकून बसली होती. ती हळूच म्हणाली, "यालेच धाडलं असतं तं." मी तिच्यावर तेव्हा इतकी चिडले की पुढे महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही. आज ती नाही, आणि आज मला कळतं की ती ते स्वतःलाच सांगत होती.

मामानेच अग्नी दिला. घरमालकांनी बाबांच्या पॅरोलचा अर्ज लिहून दिला, दवाखान्याचा दाखला जोडला, आणि मामा तो स्वतः नेऊन देऊन आला. आम्ही वाट पाहिली. दहावं झालं, तेरावं झालं. बाबा आले नाहीत, आणि आत काय झालं ते कळायलाही मार्ग नव्हता. मालक म्हणाले, मागच्या वेळचं प्रकरण आहे, वेळ लागत असेल. आम्ही तेच खरं धरलं.

तीन महिन्यांची बंदी संपली तेव्हा आईला जाऊन बावीस दिवस झाले होते. मुलाकातीला आत्या आणि मी गेलो. बाबा जाळीपाशी आले. वाळले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि मग आमच्या मागे पाहिलं.

"ते कुठं आहे, तुझी आई?"

आत्याने तोंडाला पदर लावला आणि रडायला लागली. बाबांचा चेहरा एकदम कठीण झाला. "बाई, पुरे करा आता," ते म्हणाले. मी त्यांना कधी एवढ्या मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. "मागं सायबानं बोलावलं मले. म्हणे तुझ्या घरून पुन्हा अर्ज आला, बायको वारली म्हणून, सही कर. मी म्हटलं, साहेब, फेकून द्या तो कागद. माझ्या घरच्या बाया येड्या आहेत. एकदा फसलो, आता नाही फसत."

म्हणजे अर्ज अडला नव्हता. त्यांनीच तो अडवला होता. साहेब म्हणे दोनदा म्हणाले, दाखला जोडलाय, बघून घे. यांनी पाहिलाही नाही.

आत्या जाळी धरून खाली बसली. "वसंता, ऐक गा," एवढंच ती म्हणत राहिली. बाबा तिच्याकडे बघेनात. ते माझ्याकडे वळले. "शालू, आईले बोलाव. बाहेर बसली आहे नं ते? तिले सांग, रडलो म्हणा मी. लई रडलो. तेरा दिवस बिना मिठाचं खाल्लं. तेराव्या दिवशी बराकीतल्या लोकायनं आपापल्या वाट्याचा गूळ जमा केला, तिच्या नावानं वाटला. खुनाची सजा भोगणारे लोक पोरी, ते रडले तुझ्या आईसाठी. मंग तो रिपोर्ट आला अन् सारे हसले माझ्यावर. पण मले राग नाही आला. जिवंत आहे म्हटलं, बस झालं. सांग तिले. बोलाव."

मी जाळीला तोंड लावलं. मला ओरडावंच लागलं, आजूबाजूला सगळे ओरडत होते. मी म्हटलं, "बाबा, तेव्हा मी लिहिलं होतं शांतपणे गेली म्हणून. शांतपणे नाही गेली ती." मग मी एकेक सांगितलं. कावीळ, माळ, पोटातलं पाणी, हातात रुतलेल्या बांगड्या आणि साबण, रक्ताची उलटी. दवाखान्याची चादर बदलायला कोणी नव्हतं तेव्हा आत्याने आपलं लुगडं फाडून खाली घातलं ते. मामाने अग्नी दिला ते. ईश्वरी इच्छा वगैरे काही म्हटलं नाही. माझं बोलणं पुढे सरकलं तसे त्यांचे हात जाळीवरून खाली येत गेले. साबणापाशी त्यांनी डोळे मिटले. अशी गोष्ट कोणी रचून सांगत नाही, हे त्यांना कळलं असावं. ते रडले नाहीत. नुसते उभे राहिले, हात लोंबते सोडून. शिपायाने वेळ झाल्याचं सांगितलं, तरी हलले नाहीत.

मग त्यांनी विचारलं. ओठ हलले तेवढ्यावरून मला कळलं, आवाज पोचलाच नाही. "माझं काही नाव काढलं का तिनं? काही विचारलं?"

शेवटच्या दुपारी आईने काय विचारलं होतं ते माझ्या जिभेवर आलं. त्याचं उत्तर आत्ताच त्यांनी माझ्या हाती दिलं होतं, बावीस दिवस उशिरा. मी त्यांच्याकडे पाहिलं. अजून पावणेसहा वर्षं त्यांना त्या भिंतींत काढायची होती.

"नाही बाबा," मी ओरडून सांगितलं. "तिला शुद्धच नव्हती."

त्यांनी मान हलवली आणि शिपायाबरोबर आत गेले. एवढं एक त्यांनी माझं लगेच खरं मानलं.